हप्ता चुकला की खालसा

सदर बाजार, झाशी
१२ फेब्रुवारी २०२३

चि. मयुरा,

तुझ्या लग्नाची पत्रिका फोनवर आली. चित्र बरं आहे. अक्षरांच्या कडा तू अजूनही नीट मऊ करत नाहीस, पण तुला मी शिकवलं, तेव्हा दोष माझाच.

उत्तर कागदावर देतो आहे, कारण कागद माझा आहे. पुढच्या महिन्यात पैसे भरले नाहीत म्हणून यातली अक्षरं उडून जाणार नाहीत. तुला मराठी वाचता येतं, बोलताना मात्र हिंदीत घसरतेस. तेव्हा वाच. उत्तर नेहमीप्रमाणे हिंदीत बोलून पाठवशील, ते मी अर्धं ऐकेन.

सात मेला मी पुण्याला येणार नाही. मुलाच्या जातीमुळे बाप आला नाही, असं लोकांना सांगशील तर खोटं बोलशील. चैतन्यची जात मी विचारली नाही. तो काय विकतो, एवढंच विचारलं. फोटो सुधारायचं सॉफ्टवेअर महिन्याच्या भाड्याने विकतो म्हणालीस. पुढे विचारण्यासारखं काही उरलं नाही.

दिवाळीत आपण याच गोष्टीवरून भांडलो आणि तू बॅग उचलून निघालीस, म्हणून पुन्हा सांगतो, शांतपणे. गवंडी थापी विकत घेतो. न्हावी वस्तरा विकत घेतो. दुकान चालो न चालो, वस्तरा त्याच्या खिशात राहतो. तुझ्या होणाऱ्या नवऱ्याची माणसं मला म्हणतात, वस्तरा आमचा, धार आमची, तू फक्त महिन्याला पैसे दे आणि गिऱ्हाइकांची डोकीही आमच्याच गोदामात ठेव. आणि हे तुम्ही झाशीत येऊन सांगता! एका कंपनी सरकारने वारस नाही म्हणून हे संस्थान खालसा केलं होतं. तुम्ही हप्ता नाही म्हणून माणसाची आयुष्यभराची फाईल खालसा करता. त्या गोऱ्याने निदान पत्र तरी पाठवलं होतं. तुम्ही एक लाल बटण पाठवता.

तू त्या दिवशी दारात उभी राहून म्हणालीस, "बाबा, आपने ख़रीदा कब था? अठरा साल चोरी की सीडी पर दुकान चलाई." दोन कारागीर ऐकत होते. मी तेव्हा बोललो नाही. आता बोलतो. हो, सीडी चोरीची होती, दिल्लीच्या फुटपाथवरून आणलेली. चोरलेल्या वस्तूचा मी मालक तरी होतो. तू पैसे मोजून भाडेकरू झालीस.

विमलाबाई काल डबा घेऊन आल्या होत्या. तू त्यांना आईच्या जागी उभं राहायला सांगितलंस, हे सांगताना त्यांना रडू आवरेना. रुक्मिणी गेली तेव्हा तू नऊ वर्षांची होतीस. प्रेम नगरहून रोज सकाळी सायकल मारत येऊन तुझी वेणी त्यांनी घातली, हे मला मान्य आहे. पुण्याचं तिकीट काढून द्या म्हणाल्या. माझ्या घरातलं कोणी तुझ्या मांडवात असावं असं मला वाटत नाही. पण त्या माझ्या घरातल्या नाहीत. मी तिकीट काढून दिलं.

रामकृष्ण


६ मार्च २०२३

मयुरा,

फोटोग्राफर संघाच्या कालच्या अधिवेशनाची बातमी तुला कळली असणारच, कारण रात्रीतून तुझे अकरा फोन येऊन गेले. तरी माझ्या तोंडून ऐक.

जिल्ह्यातले दोनशे फोटोग्राफर जमले होते. मोंठ गावचे आले, चिरगावचे आले, बबिन्याच्या छावणीबाहेरचे झाडून सगळे आले. ठराव माझा होता: संघाचा एकही सभासद भाड्याचं सॉफ्टवेअर घेणार नाही, एकही फाईल ढगात, त्यांच्या क्लाउडवर, ठेवणार नाही. मी चाळीस मिनिटं बोललो. तुला ठाऊक आहे, मी कागद घेऊन बोलत नाही.

चिरगावचा महेश मध्येच उठला. "दद्दा, हम तो सहालग में दो महीना ले लेत, फिर बंद कर देत. सस्तो पड़त." लग्नसराईपुरतं घ्यायचं, एरवी बंद ठेवायचं, असा त्याचा सुटसुटीत हिशेब. लोकांनी माना डोलावायला सुरुवात केली. मी पाहिलं, सभा हातातून निघाली. मग मी माइकवर विचारलं, "महेश भैया, घरवाली भी सहालग भर के लिए लाए थे क्या?" मंडप हसून कोसळला. त्याची बायको दोन वर्षांपूर्वी माहेरी गेली ती परतली नाही, हे सगळ्या चिरगावला ठाऊक आहे. मलाही ठाऊक होतं. तो खाली बसला आणि पुन्हा उठला नाही. ठराव मंजूर झाला.

मग कोणीतरी ओरडलं, "और दद्दा, आपकी दुकान?"

प्रश्न रास्त होता. आपल्या दुकानाचं खातं तू उघडलंस, तू चालवलंस, जाताना बंद केलं नाहीस. बापाचं काम अडू नये म्हणून स्वतःच्या पगारातून भरत राहिलीस. मोठी उदार आहेस. भर सभेत ही गोष्ट माझ्या पायात अडकली. मी खिशातून दुकानाचा फोन काढला, माइकसमोर धरला आणि म्हणालो, "लो, आज काटता हूँ." खातं कायमचं बंद करायचं बटण दाबलं. त्याने तीनदा विचारलं, नक्की ना, नक्की ना, नक्की ना. तिन्ही वेळा मी मोठ्याने "हाँ" म्हणालो आणि तिसऱ्याला सगळा मंडप माझ्याबरोबर म्हणाला. मला उचलून घेतलं होतं मयुरा. सत्तावन्न वर्षांच्या माणसाला.

तुझं बोलणं ऐकलं. "बाबा, पहले फ़ाइलें उतार लो. तीस दिन हैं, उसके बाद सब मिट जाएगा." मग तुला ओटीपी हवा होता. दुकानाच्या फोनवर आकडा येईल तो सांगा, मी पुण्यातून सगळं परत आणते म्हणालीस. आकडा आला होता. मी तो पाहिला. दोनशे माणसांसमोर जे तोडलं, ते दुसऱ्या सकाळी चोरून जोडू? तू माझी मुलगी असून हे मला सुचवतेस?

आकडा दहा मिनिटांनी आपोआप गेला. तू रोज मागवलास तरी रोज जाईल.

रामकृष्ण


११ एप्रिल २०२३

मयुरा,

काल विमलाबाई आल्या होत्या. आल्या त्या डबा न घेता.

या वर्षी ऊन लवकर चढलं, म्हणून त्यांनी शनिवारी कूलर लावला. पंपाची नळी निसटली आणि दुपारभर पाणी समोरच्या भिंतीवर उडत राहिलं. त्या शाळेत शिवण शिकवायला गेल्या होत्या. परत येऊन पाहतात तर त्यांच्या यजमानांच्या, सुजितरावांच्या फोटोत पाणी शिरलेलं. त्यांनी चौकट उघडून फोटो ओढला आणि चेहरा काचेला चिकटून राहिला. काच पदरात गुंडाळून आणली होती. काउंटरवर ठेवली आणि म्हणाल्या, "रामभाऊ, दुसरा काढून द्या. तेवढाच मोठा. मयुराच्या लग्नाला घेऊन जाणार आहे मी. ह्यांनाही तिथं बसवायचंय."

तो फोटो तुला पाठ असेल, तरी सांगतो. सुजितराव बदलीच्या कागदांसाठी पासपोर्ट फोटो काढायला एकटे आले होते. कॅमेऱ्यापुढे त्यांना शिंक आली, मग हसू आलं, आणि मी नेमकं ते हसू टिपलं. पाच महिन्यांनी ईशान्येत त्यांची गाडी दरीत गेली. लग्नाचा अल्बम साताऱ्याकडे गावी होता, तो पुरात गेला. मग विमलाबाईंना इथे स्टुलावर बसवून मी दोघांना एका चौकटीत आणलं. फौजी घरांत असे जोडफोटो लागतातच. नवरा सीमेवर, बायको छावणीत, भिंतीवर तरी एकत्र. विमलाबाईंच्या खांद्यावरचा सुजितरावांचा हात मी कँटीनच्या एका शिपायाचा लावला. त्यांना मी सांगितलं होतं. त्या म्हणाल्या होत्या, असू दे, कुणाचा का होईना.

ती फाईल ढगात होती आणि ते तीस दिवस गेल्या आठवड्यातच संपले. जुना संगणक तू २०२१मध्ये विकायला लावलास, कारण आता सगळं वर आहे बाबा, वर काही हरवत नाही. तू जे बोललीस ते मी अक्षरशः लिहिलं आहे. चौदा वर्षांचं काम, एक हजार नऊशे जोडफोटो, सगळे थर वेगवेगळे राखलेले. मूल झालं की आणून जोडायचं, बढती झाली की खांद्यावरची पट्टी बदलायची. बबिन्यातल्या किती घरांची माणसं त्यात होती, हे तुझ्या चैतन्यला विचार.

विमलाबाईंनी विचारलं, "म्हणजे नाहीच का?"

मी म्हणालो, "खातं मयुराच्या नावावर होतं."

यात काय खोटं आहे, दाखव.

त्यांनी विचारलं, "तिनं बंद केलं?"

मी काचेकडे पाहिलं. वक्त्याला गप्प कधी बसायचं हेही कळावं लागतं. त्या बाकावर बसून राहिल्या, मग म्हणाल्या, "लग्नाच्या गडबडीत ऱ्हायलं असेल तिच्या ध्यानातनं." बघ, तेव्हाही तुझीच बाजू घेतली. काच पुन्हा पदरात गुंडाळली आणि गेल्या. पाणी दिलं तेही घेतलं नाही.

रामकृष्ण


१६ एप्रिल २०२३

प्रिय मयुरा, बाळा,

तुझा आवाज तीनदा ऐकला. या खेपेस पूर्ण ऐकला.

सुजितरावांची फाईल तुझ्याजवळ आहे, हे ऐकून मी स्टुलावर बसलो. दिवाळीत निघताना तेवढी एक फाईल तू आपल्या डिस्कवर घेऊन गेलीस, लग्नात विमलमावशीला मोठा फोटो देऊन थक्क करायचं म्हणून. कोणी सांगितलं नव्हतं, तरी नेलीस. हे तुला तुझ्या आईकडून आलं असणार. माझ्याकडून नाही.

तू म्हणालीस, "मैंने नहीं मिटाया, ये आप मौसी को बताइए. मैं बताऊँगी तो लगेगा सफ़ाई दे रही हूँ. आप बताइए." बरोबर आहे. ज्याने मोडलं त्यानेच सांगावं. मंडपातल्या दोनशे माणसांना मी ऐकू गेलो, एका विमलाबाईला सांगायला माझी जीभ का जड व्हावी?

तेव्हा असं कर. फाईल मला पाठव, सगळ्या थरांसकट, म्हणजे मी इथे मोठा कागद काढेन. शनिवारी अक्षय्य तृतीया आहे. त्या दिवशी फोटो त्यांच्या हातात ठेवेन आणि जे झालं ते पहिल्यापासून सांगेन: बटण मी दाबलं, ओटीपी मी अडवला, सुजितरावांना तू वाचवलंस. माझ्या तोंडून ऐकलं की त्यांच्या मनातला काटा निघेल आणि त्या हसत पुण्याला येतील.

तोवर त्यांना फोन करू नकोस. तुझ्या आवाजावरून त्यांना लगेच कळतं, लहानपणापासून. फोटो हातात पडेपर्यंत काही कळू नये. म्हाताऱ्या बापाला एवढं एक चांगलं काम नीट करू दे.

मीही कदाचित येईन लग्नाला. कदाचित म्हणालो आहे.

तुझा,
बाबा


२५ एप्रिल २०२३

मयुरा,

फाईल मिळाली. गेले दोन दिवस "बता दिया ना, बाबा?" एवढंच विचारते आहेस. सांगतो. अक्षय्य तृतीयेला काय झालं, ते क्रमाने ऐक.

आधी तुझी फाईल माझ्या मशीनवर उघडेना. नव्या पद्धतीने बांधलेली आहे, माझी सीडी तिला ओळखत नाही. रात्रभर झटलो. मग दुकानाचं शटर अर्धं ओढून कंपनीकडून सात दिवसांचं फुकटचं भाडं घेतलं. त्याने नाव विचारलं. माझं नाव जिल्ह्यात सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून तुझ्या आईचं घातलं. फाईल उघडली. मान्य करतो, काम सुंदर आहे. सुजितरावांच्या कानामागची सावली तू नव्याने केली आहेस, मला ती चौदा वर्षांत साधली नव्हती. कागद काढला, चौकट बसवली, सात दिवस भरायच्या आत खातं बंद केलं.

शनिवारी सकाळी प्रेम नगरला गेलो. विमलाबाईंनी आंब्याचा रस केला होता. मी चौकटीवरचं वर्तमानपत्र सोडलं. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं आणि जो हुंदका आला, तो मी आयुष्यात विसरणार नाही. मग खाली वाकून माझे पाय धरले. माझ्याहून सात वर्षांनी लहान बाई, पण मला कधी वाकून नमस्कार केला नव्हता. म्हणाल्या, "रामभाऊ, कुठनं आणला हो?"

मी सगळं पाठ करून गेलो होतो. पहिलं वाक्य तयार होतं, "हे मयुराने वाचवलं." हे तुला सांगायलाच हवं, कारण तू मला समजतेस तितका मी वाईट नाही. वाक्य तोंडात आलं होतं. पण त्यांचे हात अजून माझ्या पायांवर होते. पुढचं वाक्य "मी मिटवलं" असं असणार होतं, आणि ते ऐकल्यावर हात उचलले जाणार होते.

मी म्हणालो, "एका जुन्या सीडीवर सापडला. तीन रात्री बसलो."

त्या म्हणाल्या, "आणि तिला साधं बटण दाबायच्या आधी बघावंसं वाटलं नाही."

मी म्हणालो, "नवी माणसं, विमलाबाई. त्यांच्यासाठी ती एक फाईल."

म्हणाल्या, "माझा नवरा होता तो."

एवढंच. मग रस वाढला. मी दोन वाट्या खाल्ल्या.

आता तू त्यांना फोन करशीलच. कर. तुझा फोन येईल हे मी सांगून ठेवलं आहे. त्यांना म्हणालो, फाईल मीच वाचवली म्हणेल, मेसेज दाखवेल, तारखा दाखवेल. त्यावर विमलाबाई जे म्हणाल्या ते माझं नाही, त्यांचंच: "जी पोरगी तुमच्याकडं मेलेली माणसं जित्यांच्या शेजारी बसवायला शिकली, तिला चार ओळींचा मेसेज बनवायला काय लागतंय?" आपल्या धंद्याचा हा एक तोटा आहे. आपण इतकं खरं बनवतो की आपलं खरं कोणी मानत नाही. ही पत्रंही दाखव हवी तर. माझ्या अक्षराची नक्कल तू शाळेत असल्यापासून करतेस, प्रगतिपुस्तकावरच्या माझ्या सह्या कोण करायचं, हे त्यांना ठाऊक आहे. त्यांनीच तुला पाठीशी घातलं होतं.

तू विचारशील, का? तू मला कधी अवघड शब्दांत काही विचारलं नाहीस, म्हणून मीही सोप्यातच सांगतो. तुझ्याकडे चैतन्य आहे, त्याचे आईबाप आहेत, पुणं आहे. माझ्याकडे आठवड्यातून दोनदा डबा घेऊन येणारी एक बाई आहे. तिने तुझ्या मांडवात बसून तुझ्या तोंडून सगळं ऐकलं असतं आणि झाशीला परत येऊन माझ्या दारावरून पुढे गेली असती. दोघांतून एकाला ती गमवायची होतीच. मी माझ्यापुरतं ठरवलं. तू माझ्या जागी असतीस तर हेच केलं असतंस. नसतंस केलं, हेही मला ठाऊक आहे, आणि त्याचा मला राग आहे.

पुण्याचं तिकीट त्यांनी काल रद्द करायला दिलं. मी स्टेशनवर जाऊन केलं.

त्यांनी तुझ्यासाठी साताऱ्याहून मोत्याच्या मुंडावळ्या मागवल्या होत्या. झाशीत मिळत नाहीत, म्हणून गेल्या महिन्यात भावाकडून करवून घेतलेल्या. त्या आता बबिन्याच्या हवालदारांच्या अंबिकेला दिल्या. त्या घरीही आई नाही. तिचंही लग्न सात मेलाच आहे, छावणीच्या मंदिरात. विमलाबाई तिच्या पाठीशी उभ्या राहणार आहेत, आईच्या जागी.

त्या लग्नाचे फोटो काढायचं काम माझ्याकडे आहे. एक प्रत तुला पाठवीन, कागदावर.

रामकृष्ण